कुस्तीतला डाव संगणकावर कसा उतरवावा? भिडलेल्या दोन देहांचे ॲनिमेशन आणि कोल्हापूरच्या तालमी

विभाग : विज्ञान आणि तंत्रज्ञान

करवीरवासी (धागाकर्ता)

नमस्कार. मी कोल्हापुरात राहून संगणकीय ॲनिमेशन आणि आभासी वास्तव या विषयांत पीएच.डी.चे काम करत आहे. विषय निश्चित करताना जे वाचन झाले त्यातून एक प्रश्न मनात पक्का झाला. कुस्ती जाणणारे, ॲनिमेशनच्या व्यवसायातले आणि गणित शिकवणारे असे सगळेच सभासद इथे आहेत, म्हणून तो इथेच मांडतो. एकमेकांच्या अंगाला भिडलेल्या दोन माणसांची हालचाल संगणकावर अजूनही खरी का वाटत नाही, आणि ती खरी वाटावी यासाठी नेमके काय मोजायला हवे?

एकट्या माणसाच्या हालचालीत या शास्त्राने फार मोठी मजल मारली आहे. १९७२ मध्ये युटा विद्यापीठात एडविन कॅटमल यांनी स्वतःच्या डाव्या हाताचा साचा करून, त्यावर बहुभुजांचे जाळे आखून, तो हात संगणकावर हलवून दाखवला. १९८५ मध्ये केन शूमेक यांनी सांध्याचे फिरणे क्वाटर्निअनच्या (फिरणे चार आकड्यांत मांडणाऱ्या संख्येच्या) साहाय्याने अखंड आणि गुळगुळीत कसे करावे हे मांडले. आजचे जवळजवळ प्रत्येक ॲनिमेशन सॉफ्टवेअर ते वापरते. १९९५ मध्ये जेसिका हॉजिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावणे, सायकल चालवणे आणि उडी या हालचाली हाताने न रेखाटता भौतिकशास्त्राच्या नियमांवरून घडवल्या. २०१८ मध्ये बर्कले येथील संशोधकांनी एका नमुना हालचालीवरून, चुकत आणि सुधारत, संगणकातल्या देहाला मागे कोलांटी मारायला शिकवले. त्या देहाचे सांधे खऱ्या बळाने हलतात आणि त्याला धक्का दिला तर तो तोल सावरतो.

या साऱ्या कामात देह मात्र एकटाच आहे. त्याच्यासमोर जमीन असते, फार तर एखादी वस्तू असते. त्याच्या इच्छेविरुद्ध जाणारा दुसरा देह नसतो. २०२१ मध्ये दोन आभासी खेळाडूंची मुष्टियुद्धाची आणि तलवारबाजीची लढत दाखवणारे चांगले काम झाले, परंतु त्या दोन्ही खेळांत स्पर्श क्षणिक असतो. कुस्तीत सलामी झाली, खडाखडी (उभ्याने एकमेकांना अजमावणारी झटापट) सुरू झाली, की कुस्ती सुटेपर्यंत दोघांचे अंग एकमेकांपासून क्वचितच वेगळे होते. सगळा खेळ त्या स्पर्शातच चालतो, आणि नेमकी तीच जागा आपल्या साधनांच्या नजरेआड राहते.

मोशन कॅप्चरच्या, म्हणजे खऱ्या माणसाची हालचाल टिपून संगणकात घेण्याच्या, नेहमीच्या प्रयोगशाळेत अंगावर प्रकाश परतवणारे लहान गोळे चिकटवतात आणि भोवती अवरक्त प्रकाशाचे कॅमेरे मांडतात. एखादा गोळा एकाच क्षणी किमान दोन कॅमेऱ्यांना दिसला तरच त्याची अवकाशातली जागा काढता येते. आता एक पैलवान खाली बसला आहे आणि दुसऱ्याने मागून कमरेला कब्जा घेतला आहे अशी स्थिती डोळ्यांसमोर आणा. वरच्याची छाती, पोट आणि हातांची आतली बाजू, तसेच खालच्याची पाठ आणि कंबर, यांवरचे सगळे गोळे एकदम झाकले जातात. जे दिसतात ते कोणाचे हे संगणकाला उमगत नाही आणि एकाचे कोपर दुसऱ्याच्या सांगाड्याला जोडले जाते. शिवाय घाम आणि माती यांपुढे हे गोळे अंगावर टिकत नाहीत ही वेगळीच अडचण.

या अडचणीवर एक वाट एडमंड हो आणि ताकू कोमुरा यांनी २००७ मध्ये शोधली होती. दोघांना एकत्र टिपणे कठीण, म्हणून एकेकट्याची हालचाल टिपायची आणि नंतर संगणकात त्यांना एकमेकांत गुंफायचे, अशी त्यांची पद्धत होती, आणि उदाहरण कुस्तीचेच होते. भूमितीच्या दृष्टीने ते काम मला फार मोलाचे वाटते. पण एकट्याने केलेल्या हालचालीत समोरच्याचा भार नसतो, आणि भार नसेल तर पाठीचा कणा, मांडी, पायाचा चवडा हे सगळे वेगळे वागतात असे मला वाटते. हे माझे अनुमान आहे. ते बरोबर आहे का, हे आखाड्यात उतरलेल्या माणसाने सांगावे.

माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे की डाव हा एका देहात नसतो, तो दोन देहांच्या मध्ये असतो. म्हणून मोजणीची सुरुवात सांध्यांच्या कोनांपासून न करता स्पर्शापासून करायला हवी : कुठे स्पर्श आहे, कोणता भाग दाबतो आहे, कोणता नुसता टेकला आहे, आणि भार कोणाकडून कोणाकडे जातो आहे. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमी ज्या गावात आहेत तिथे हे काम झाले नाही तर ते कुठे होणार?

---

मातीतला

करवीरवासी, तुमचे अनुमान बरोबर आहे, आणि मी त्यात भर घालू इच्छितो, कारण अडचण तुम्ही समजता त्याहून खोल आहे.

धोबीपछाडचे उदाहरण घेऊ. बघणाऱ्याला दिसते ते असे की एकाने दुसऱ्याचा हात खांद्यावरून ओढला, कंबर आत घातली आणि त्याला पाठीवरून पुढे आपटले. परंतु समोरचा पैलवान पुढे रेटत नसेल तर हा डाव लागतच नाही. त्याने रेटावे म्हणून आधी आपण त्याला रेटायचे असते. तो उलटून जोर लावतो आणि त्याच जोरावर आपण वळतो. म्हणजे डावाचे निम्मे काम हात धरण्याच्या आधी झालेले असते आणि ते कोणत्याही फोटोत दिसत नाही. वस्ताद नवख्या पोराला हे तोंडाने सांगत नाहीत. ते त्याची मान धरून उभे राहतात, थोडे दाबतात, थोडे सोडतात, आणि पोराच्या अंगाला ते हळूहळू कळते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की प्रात्यक्षिक म्हणून करून दाखवलेला डाव आणि लढतीत बसलेला डाव हे तुमच्या संशोधनात दोन वेगळे प्रकार मानावेत. प्रात्यक्षिकात जोडीदार आपण होऊन उचलला जातो. त्याला दुखापत होऊ नये म्हणून तो मदतच करत असतो. अशा हालचालींवरून तुमचा संगणक शिकला तर तो मदत करणारा प्रतिस्पर्धी शिकेल, आणि असा प्रतिस्पर्धी जगातल्या कोणत्याही आखाड्यात भेटत नाही.

दुसरी गोष्ट मातीची. हळद, तेल, ताक, लिंबू घालून मुरवलेल्या आणि रोज खोऱ्याने उकरलेल्या मातीत पाय किंचित रुततो आणि अंगठ्याने माती धरता येते. मॅटवर पाय सरकतो किंवा अडतो; रुतत नाही. त्यामुळे पट काढायला (समोरच्याची मांडी धरून त्याला पाडायला) वाकण्याची पद्धतसुद्धा दोन्हीकडे वेगळी असते. मॅटवर केलेली नोंद मातीवरची म्हणून वापरू नये.

---

रेषाबंध

मी ॲनिमेशनच्या व्यवसायात आहे. दोन पात्रे एकमेकांना धरतात असे दृश्य आले की आमच्याकडे काय होते ते सांगतो, म्हणजे संशोधनाकडून आम्हाला काय हवे आहे ते स्पष्ट होईल.

समजा पात्र ‘अ’ने पात्र ‘ब’ची कंबर धरली आहे. आम्ही ‘अ’च्या हाताला कन्स्ट्रेंट (एक अवयव दुसऱ्याला बांधणारी संगणकीय अट) लावून तो ‘ब’च्या कमरेला जोडून टाकतो. मग कंबर जाईल तिथे हात जातो आणि आयकेच्या (इन्व्हर्स किनेमॅटिक्स, म्हणजे हाताच्या टोकावरून सांध्यांचे कोन काढण्याच्या) गणिताने कोपर व खांदा मागोमाग वळतात. यात कोण कोणाला नेत आहे हे आधीच ठरून गेलेले असते : एक पात्र मालक, दुसरे त्याच्यामागे ओढले जाणारे. खऱ्या झटापटीत हे नाते क्षणाक्षणाला उलटते आणि प्रत्येक वेळी आम्हाला जोडणी सोडून दुसऱ्या बाजूने बांधावी लागते. जिथे जोडणी बदलते तिथे हालचालीला एक बारीक हिसका बसतो. प्रेक्षकाला तो सांगता येत नाही, पण खटकतो.

त्याखेरीज मांसाचा प्रश्न आहे. संशोधनात सर्वत्र वापरला जाणारा देहाचा एक नमुना ट्युबिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतून २०१५ मध्ये पुढे आला. त्यात ६,८९० बिंदूंचे त्वचेचे जाळे असते आणि ते देहाची ठेवण व सांध्यांची स्थिती यांवरून आकार घेते. हा नमुना अतिशय उपयुक्त आहे, मी स्वतः तो वापरतो. परंतु दुसऱ्याच्या बोटांनी दाबल्यावर दंडाचे मांस कसे दबते हे त्याला माहीत नाही. त्यामुळे बोटे एकतर दंडाच्या आत घुसतात किंवा त्यावर तरंगतात. पकड घट्ट आहे हे प्रेक्षकाला दबलेल्या मांसावरून कळते. ते दबले नाही, तर पैलवान कितीही जोर लावत असल्याचे दाखवा, दोन पोकळ बाहुल्या एकमेकांना टेकल्यासारखे दिसते.

‘मातीतला’ यांनी रेटारेटीबद्दल लिहिले आहे ते वाचून मला एक जुना प्रयोग आठवला. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहानसन यांनी अंधारात माणसाच्या सांध्यांवर दिवे लावून चित्रण केले. प्रेक्षकाला नुसते हलणारे प्रकाशाचे ठिपके दिसत होते, तरी तो माणूस चालतो आहे हे क्षणात ओळखू येत होते. म्हणजे आपली नजर हालचालीवरून देह ओळखण्यात अतिशय तरबेज आहे. माणसाच्या अंगावरचा भारही नजरेला काही प्रमाणात असाच वाचता येतो. आपटण्याच्या आधीची ती रेटारेटी गाळली, की आपटणे हलके वाटते. कारण नजरेला त्याचे कारण मिळालेले नसते.

---

प्रमेय

एकेकट्याच्या हालचालींना गुंफण्याच्या ज्या कामाचा उल्लेख धागाकर्त्याने केला आहे, त्याच्या पुढच्या टप्प्यातले गणित फार सुंदर आहे. इथल्या वाचकांना ते समजावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१८३३ मध्ये गाउस यांनी असा प्रश्न घेतला की अवकाशातली दोन बंद वलये एकमेकांत किती वेळा गुंतली आहेत हे केवळ त्यांच्या जागांवरून कसे काढता येईल. त्यासाठी पहिल्या वक्रावरचा एक बिंदू आणि दुसऱ्यावरचा एक बिंदू घ्यायचा, त्या दोन ठिकाणी वक्र कोणत्या दिशेने जात आहेत आणि बिंदूंमधले अंतर किती आहे यावरून एक लहान राशी काढायची, आणि अशा सर्व जोड्यांची बेरीज, म्हणजे दुहेरी संकलन, करायची. बंद वलयांसाठी उत्तर नेहमी पूर्णांक येते. वक्र उघडे असतील, जसे आपले हात आणि पाय, तर उत्तर अपूर्णांकात येते. पण तरीही ‘किती गुंतले आहेत’ याचे ते उत्तम माप ठरते.

हो आणि कोमुरा यांनी २००९ मध्ये याच संकलनावर आधारलेले तीन निर्देशांक मांडले. दोन अवयव एकमेकांभोवती किती वळले आहेत हा पहिला, तो वळसा अवयवाच्या कोणत्या भागात आहे हा दुसरा, आणि कोण कोणाभोवती वळला आहे, म्हणजे वळण्याचे काम प्रामुख्याने कोणत्या अवयवाने केले आहे, हा तिसरा. याचा लाभ असा की सांध्यांचे कोन निराळे असले तरी ‘ही पकड तीच आहे’ हे संगणकाला सांगता येते. उंच पैलवानाने आणि ठेंगण्या पैलवानाने मारलेली एकच लपेट कोनांच्या भाषेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुंतण्याच्या भाषेत ती एकच आहे.

पुढे २०१० मध्ये या दोघांनी च्यू-लान ताई यांच्यासह दोन देहांवरचे बिंदू चतुष्फलकांच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतींच्या) जाळ्याने एकमेकांना जोडले. देहांची मापे बदलली तरी या मधल्या जाळ्याचा आकार शक्य तितका टिकवून धरायचा, अशी त्यामागची कल्पना आहे. धागाकर्ता म्हणतो की डाव दोन देहांच्या मध्ये असतो. हे जाळे अक्षरशः त्या मधल्या जागेतच विणलेले आहे. म्हणून कोल्हापुरात काम सुरू करताना या पायावर उभे राहणे मला इष्ट वाटते. भार यात कुठेच नाही हे मात्र खरे. ही निव्वळ भूमिती आहे, आणि बळाचे गणित तिच्यावर वेगळे रचावे लागेल.

---

अस्थिसंधी

मी भौतिकोपचार करते आणि पैलवानांच्या मान, खांदा व गुडघ्याच्या दुखापती नेहमी पाहते. बळाच्या मोजणीबद्दल लिहिते, कारण तिथे एक मूलभूत अडथळा आहे.

एकटा माणूस बलमापक पट्टीवर चालत असेल, तर जमिनीकडून त्याला मिळणारे बळ मोजता येते आणि हालचालीची नोंद हाताशी असल्यास घोटा, गुडघा, खुबा असे वर चढत प्रत्येक सांध्यावर किती भार आला ते काढता येते. याला उलट गतिकी म्हणतात. दोन माणसे एकमेकांना धरून उभी राहिली, की ही वाट बंद होते. दोघांचे पाय आणि दोघांचे हात मिळून एक बंद साखळी तयार होते. हातांमधून किती बळ गेले हे माहीत नसेल, तर जमिनीवरची तीच मोजणी हातांतल्या वेगवेगळ्या बळांशी जुळू शकते. गणिताला अनेक उत्तरे मिळतात आणि त्यांतले खरे कोणते हे केवळ कॅमेऱ्यावरून ठरत नाही. त्यात मुरवलेल्या मातीखाली बलमापक पट्टी ठेवली, तर माती दबते, सरकते आणि मोजणीत स्वतःचे म्हणणे मिसळते.

म्हणून स्नायूंच्या विद्युत संकेतांची नोंद जोडीला घ्यावी असे मी सुचवेन. त्यावरून बळाचा आकडा नेमका मिळत नाही, पण कोणता स्नायू कधी जागा झाला आणि कोणता आधी, हा क्रम कळतो. ‘मातीतला’ म्हणतात ती आधीची रेटारेटी तिथे दिसू शकेल. मात्र टणक सेन्सर अंगावर बांधून कोणालाही पूर्ण ताकदीने लढवू नये. आपटल्यावर तो सेन्सर बरगडीखाली किंवा मणक्याखाली आला, तर दुखापत निश्चित आहे. सेन्सर लावून केवळ उभ्या स्थितीतली खडाखडी आणि मानेची ओढाताण नोंदवावी, आणि पूर्ण डाव कोणत्याही उपकरणाविना, फक्त कॅमेऱ्यांनी टिपावेत.

धाग्याच्या शीर्षकात नसला तरी धागाकर्त्याच्या विषयात आभासी वास्तवही आहे, म्हणून विचारते : ही नोंद पुढे हेडसेटमध्ये कोणाला आणि कशासाठी दाखवणार आहात?

---

करवीरवासी

सर्वांचे मनापासून आभार. ‘अस्थिसंधी’ यांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

माझा हेतू असा आहे की तालमीत शिकणाऱ्या मुलाला एकच डाव हव्या त्या बाजूने, हव्या त्या गतीने, दोघांच्या मधोमध उभे राहून पाहता यावा आणि स्पर्शाच्या जागा व भाराची दिशा त्याला रंगांतून दिसावी. आजवर डाव शिकताना बाहेरून पाहता येत होता किंवा स्वतः करता येत होता. मधल्या जागेत उभे राहणे कोणालाच शक्य नव्हते. अंगाने शिकण्याच्या विद्येत आभासी वास्तवाचा उपयोग नवा नाही. २००३ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात ताई ची शिकवताना गुरूची प्रतिमा समोर ठेवावी, भोवती ठेवावी की शिकणाऱ्याच्या देहावरच चढवावी, हे पर्याय तपासले गेले. पण ताई चीचा सराव एकट्याने होतो. कुस्तीत गुरूच्या प्रतिमेबरोबर प्रतिस्पर्ध्याची प्रतिमाही लागते.

आभासी वास्तवाचे संशोधक मेल स्लेटर यांनी २००९ मध्ये आभासी अनुभवाचे दोन भ्रम वेगळे करून दाखवले : ‘मी त्या ठिकाणी आहे’ हा एक आणि ‘इथे जे घडते आहे ते खरेच घडते आहे’ हा दुसरा. तालमीची खोली, लाल मातीचा हौदा, उंच खिडकीतून येणारी तिरीप हे सगळे उभे करून पहिला भ्रम साधता येईल. दुसरा भ्रम मात्र समोरचा आपल्याला प्रतिसाद देतो की नाही यावर बराचसा अवलंबून असतो. हेडसेट घातलेल्या मुलाने हात पुढे केला आणि समोरच्या आभासी पैलवानाने आधीच नोंदलेली हालचाल तशीच चालू ठेवली, तर तो भ्रम तिथेच मोडतो. म्हणून पहिल्या टप्प्यात प्रतिस्पर्धी म्हणून लढणारा आभासी पैलवान करायचा नाही, फक्त निरीक्षणासाठी नोंद दाखवायची, असे मी ठरवत आहे.

कॅमेऱ्यांबद्दल : कार्नेगी मेलनमध्येच २०१५ च्या सुमारास माणसांचे परस्परव्यवहार टिपण्यासाठी एक घुमट उभारला गेला. त्यात साध्या क्षमतेचे ४८० कॅमेरे होते. अंगावर काहीच चिकटवायचे नाही; एखादा अवयव काही कॅमेऱ्यांना दिसला नाही तरी इतरांना दिसतो. आपल्याला एवढे कॅमेरे परवडणारे नाहीत, पण तत्त्व तेच राहील. खासबाग मैदानात शाहू महाराजांच्या काळापासून चहूबाजूंच्या प्रेक्षकाला हौदा दिसतो. कॅमेऱ्यांची मांडणीही तशीच, वर्तुळात आणि दोन-तीन उंचींवर करावी लागेल. तालमीतला प्रकाश मंद असतो. पैलवान उचलला जाऊन पाठीवर पडेपर्यंतचा काळ इतका थोडा असतो, की शटर जलद नसेल तर चित्र पुसट येते, आणि शटर जलद केले तर प्रकाश अपुरा पडतो. दिवे लावावे लागतील, आणि ते पैलवानांच्या डोळ्यांत जाणार नाहीत असे लावावे लागतील.

झ्युरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातून २०२३ मध्ये जवळून भिडलेल्या दोन माणसांचा एक नोंदसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात २० जोड्या, १०० हालचाली आणि ११,००० हून अधिक चौकटी (चित्रणातली एकेक स्थिरचित्रे) आहेत, आणि प्रत्येक चौकटीत देहाचा कोणता भाग दुसऱ्याला टेकला आहे याची खूण आहे. माझ्या मनातल्या कामाला हे सर्वांत जवळचे आहे. त्या संग्रहात स्पर्श आहे. कुस्तीत स्पर्शाच्या जोडीला विरोधही आहे, आणि आपली भर तीच असेल.

---

अस्थिसंधी

मधल्या जागेत उभे राहून पाहण्याची कल्पना पटली. एक विनंती आहे. आपटल्या जाणाऱ्या पैलवानाच्या डोळ्यांतून डाव दाखवण्याचा मोह होईल, तो टाळावा. डोळ्यांना जग गरकन फिरताना दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला मात्र आपण स्थिर उभे आहोत असे कळते. या विसंगतीतून मळमळ, घाम, चक्कर सुरू होते. केनेडी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अशा त्रासासाठी १६ लक्षणांची प्रश्नावली केली आणि आजही ती सर्वत्र वापरतात. तुमच्या प्रयोगात ती आधी आणि नंतर, दोन्ही वेळा भरून घ्यावी. मुलगा स्वतःच्या पायांनी चालून जागा बदलेल आणि दृश्य त्याच्या डोक्याच्या हालचालीबरोबरच बदलेल, अशी रचना ठेवली तर त्रास पुष्कळ कमी होतो. डोके हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा विलंब सुमारे २० मिलिसेकंदांच्या आत असावा, हा दंडक सर्वसाधारणपणे मानला जातो.

---

रंकाळाकाठ

तांत्रिक चर्चा वाचून आनंद झाला, परंतु ज्यांचे देह टिपले जाणार आहेत त्यांच्या बाजूने काही लिहिणे मला आवश्यक वाटते.

चेहरा पुसला, नाव काढले, म्हणजे नोंद निनावी झाली असे संशोधक मानतात. हालचालीच्या बाबतीत हे खरे नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये ५११ जणांवर केलेल्या अभ्यासात, हेडसेट आणि हातातल्या नियंत्रकांच्या हालचालींची प्रत्येकी पाच मिनिटांहून कमी नोंद पुरवल्यावर, संगणकाने ९५ टक्के व्यक्ती अचूक ओळखल्या. तिथे फक्त डोके आणि हात नोंदले होते. तुम्ही तर सगळा देह नोंदणार आहात.

शिवाय पैलवानाची हालचाल ही त्याची उपजीविका आहे. कोणत्या पायावर तो आधी भार देतो, कोणत्या बाजूने त्याचा बचाव कच्चा आहे, हे नोंदीतून काढता येईल आणि मैदानात त्याच्याविरुद्ध वापरता येईल. एखाद्या परदेशी गेम कंपनीने ही नोंद घेऊन त्यावर पात्र उभे केले, तर त्याचा मोबदला कोणाला मिळणार? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीवर भर देतो. पण संमतीपत्र मराठीत असावे, वस्तादांसमोर वाचून दाखवलेले असावे, आणि नोंद मागे घेण्याचा हक्क पैलवानाला लढतींच्या हंगामातसुद्धा असावा. मिळकतीत तालमीचा वाटा लेखी ठरवल्याशिवाय एकही कॅमेरा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

मातीतला

रंकाळाकाठ यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. एक भर अशी की खेळत असलेल्या पैलवानांऐवजी नुकतीच कुस्ती सोडलेल्या, पण अंग शाबूत असलेल्या पैलवानांच्या जोड्या घ्याव्यात. त्यांचे गुपित उघडे पडण्याचा धोका उरत नाही आणि त्यांना कामही मिळते.

आभासी वास्तवाबद्दल माझे मत वेगळे आहे आणि ते मी स्पष्टपणे नोंदवतो. मूल मातीत लोळल्याशिवाय, मान दुखेपर्यंत जोडीदाराचा हात मानेवर घेतल्याशिवाय कुस्ती येत नाही. रंगांतून भार दिसला म्हणून तो अंगाला कळेल, यावर माझा विश्वास नाही. मला या कामाचे मोल दुसरीकडे दिसते. जुने वस्ताद आता थकले आहेत. काही डाव असे आहेत की ते व्यवस्थित बसवून दाखवणारी माणसे फार थोडी उरली आहेत, आणि मॅटच्या नियमांत ते डाव उपयोगी नसल्याने नवी मुले ते शिकत नाहीत. ते डाव त्यांच्या बारकाव्यांसह नोंदून ठेवले, तर पुढच्या एखाद्या वस्तादाला ते पाहून पुन्हा मातीत उतरवता येतील. शिकवणारा माणूसच असेल. त्याला आधार म्हणून ही नोंद असावी.

---

रेषाबंध

हे उद्दिष्ट धरले तर नोंद करण्याची पद्धतही बदलते. आम्ही चित्रणानंतर चौकटी तपासून खुणा करतो. इथे त्या खुणा वस्तादांनी करायला हव्यात. चित्रण हळू चालवून त्यांना दाखवावे आणि भार कुठे गेला, डाव कोणत्या क्षणी बसला, प्रतिस्पर्ध्याला सुटण्याची शेवटची संधी कधी होती, हे त्यांनी बोलून सांगावे; ते बोलणे त्या-त्या चौकटीशी जोडून साठवावे. संगणक स्पर्श ओळखेल. स्पर्शातला कोणता निर्णायक होता, हे वस्तादांवाचून कोणी सांगू शकणार नाही. शोधनिबंधात त्यांची नावे सहलेखक म्हणून यावीत. आभारांच्या परिच्छेदात नव्हेत.

---

करवीरवासी

सहलेखनाची सूचना मी तशीच माझ्या मार्गदर्शकांपुढे ठेवणार आहे. तालमीच्या वाट्याची लेखी अट आणि कुस्ती सोडलेल्या पैलवानांच्या जोड्या, या दोन्ही गोष्टी प्रस्तावात घेतल्या आहेत. शिकवण्याच्या उपयोगाबद्दल ‘मातीतला’ आणि मी यांच्यात मतभेद आहे आणि तो प्रयोगानेच सुटेल. पण जतनाचे काम पहिले, हे मला मान्य आहे.

एकच विचारायचे राहिले. सुरुवातीला एकच डाव घ्यायचा झाला, तर कोणता घ्यावा? धोबीपछाडमध्ये देह हवेत जातो आणि चित्रणाला तो आकर्षक आहे, म्हणून माझा कल तिकडे होता.

---

मातीतला

धोबीपछाड नको, पटापासून सुरुवात करा. पट काढताना एकाचे डोके व खांदा आणि दुसऱ्याची मांडी एवढाच स्पर्श आधी होतो, त्यामुळे तुमच्या कॅमेऱ्यांना बरेच काही उघडे दिसेल. दोघेही जमिनीवरच राहतात, म्हणून इजेची भीती कमी. आणि पट हा नवख्यापासून नामांकित मल्लापर्यंत सगळेच काढतात, तेव्हा एकाच डावाची निरनिराळ्या अंगांची, वजनांची, वयांची नोंद तुम्हाला मिळेल. ‘प्रमेय’ यांनी सांगितलेले उंच-ठेंगण्याचे गणितही त्यावर तपासता येईल.

फक्त पट एकटा टिपू नका. त्याच जोडीला लगेच त्यावरचा बचाव करायला सांगा : पाय मागे टाकून छातीचा भार समोरच्याच्या मानेवर सोडायचा. एकदा पट बसू द्या, एकदा अडू द्या, आणि कोणत्या वेळी काय होणार हे दोघांनाही आधी सांगू नका. पहाटेची मेहनत संपून माती ओली असते तेव्हा चित्रण करू नका. ती थोडी सुकल्यावर, पुन्हा उकरून सारखी केल्यावर करा, म्हणजे पायाचा ठसा नीट उमटेल. प्रत्येक पटानंतर दोघांच्या पायांच्या ठशांचा वरून एक फोटो घ्या. भार कोणत्या पायावर होता ते त्या ठशाच्या खोलीवरून वस्ताद तुम्हाला सांगतील.

---